ट्रिपल सिटीजमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र: यंदाची सहल हेन्री स्ट्रीटवर काढूया

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन, जॉन्सन सिटी, एंडिकॉट आणि वेस्टल परिसरातल्या सर्व मराठी कुटुंबांना,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सहलीसाठी यंदाही न्यूयॉर्क शहरातल्या यांकी स्टेडियमची बस करायची, असं आपल्या गटावर जवळजवळ ठरल्यासारखं दिसतंय. जायला तीन तास, यायला तीन तास, वर तिकिटांचा आणि पार्किंगचा खर्च. मुलांना बेसबॉल दाखवावा हा हेतू चांगलाच आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण चर्चेत एकाने लिहिलं, "इथल्या मायनर लीगच्या मॅचला काय जायचं, तो काही खरा बेसबॉल नव्हे," आणि त्यावर भराभर अंगठे उमटले. मायनर लीग म्हणजे मोठ्या (मेजर) लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचा व्यावसायिक बेसबॉल, आणि ते वाक्य मला पटलेलं नाही. ते सहज बोलून गेलेलं असलं, तरी आपण ज्या गावात घरं घेतली, मुलं शाळेत घातली, त्या गावाबद्दल आपल्याला किती कमी माहिती आहे हे त्यातून कळतं. माझं म्हणणं एवढंच, की यंदाची सहल बिंगहॅम्टनच्या हेन्री स्ट्रीटवरच्या आपल्याच बेसबॉल स्टेडियममध्ये व्हावी. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे. वेळ काढून वाचावं ही विनंती.

शनांगो आणि सस्क्वेहाना या नद्यांच्या संगमावर वसलेलं आपलं हे शहर. 1837 मध्ये इथे कालवा आला, 1848 मध्ये ईरी रेल्वे आली, आणि त्यानंतर शहराचं रूप पालटलं. 1880 च्या जनगणनेत इथे 17 हजारांच्या आसपास माणसं होती. दहा वर्षांत ती दुप्पट होऊन 35 हजारांवर गेली. सिगार वळण्याचे कारखाने इतके होते, की त्या धंद्यात देशात न्यूयॉर्क शहराखालोखाल बिंगहॅम्टनचं नाव घेतलं जाई. अशा गावात हाती मजुरीचे पैसे असलेली, उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार घटका करमणूक शोधणारी माणसं भरपूर असतात. बेसबॉलच्या धंद्याला तेवढंच लागत होतं. आणि अर्थात रेल्वे. पाहुण्या संघाने रात्री गाडीत बसावं, सकाळी पुढच्या गावात उतरावं, दुपारी खेळावं आणि तिकिटांच्या पैशातला आपला वाटा घेऊन पुन्हा स्टेशन गाठावं, असा तो हिशेब होता. त्या काळातल्या कुठल्याही लीगमधली गावं नकाशावर जोडा, रेल्वेचे रूळच उमटतील.

1877 मध्ये इंटरनॅशनल असोसिएशन नावाची संघटना उभी राहिली. कॅनडातल्या लंडन आणि ग्वेल्फ या गावांचे संघ तिच्यात होते म्हणून ती इंटरनॅशनल. वळणारा चेंडू पहिल्यांदा टाकल्याचं श्रेय ज्याला दिलं जातं, तो कँडी कमिंग्ज तिचा अध्यक्ष होता. नॅशनल लीग, म्हणजे तेव्हाची मोठी लीग, जेमतेम एका वर्षाची होती आणि तिने मोजक्याच शहरांना जागा दिली होती. जी गावं बाहेर राहिली त्यांनी आपलं वेगळं घर बांधलं. काही इतिहासकार या असोसिएशनलाच पहिली मायनर लीग मानतात. काहींच्या मते तो मान 1883 च्या नॉर्थवेस्टर्न लीगचा, कारण त्या वर्षीच्या करारात लहानमोठ्या लीग्जनी एकमेकींचे खेळाडू पळवायचे नाहीत हे पहिल्यांदा मान्य केलं. मला त्या वादात शिरायचं नाही. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की 1878 मध्ये या असोसिएशनमध्ये बिंगहॅम्टनचा संघ होता आणि त्याचं नाव होतं क्रिकेट्स. व्यावसायिक बेसबॉल अजून रांगत होता तेव्हापासून हे गाव त्यात आहे.

त्याच 1878 मध्ये, त्याच असोसिएशनमध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या संघाकडून वीस वर्षांचा एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, काही सामने खेळला. त्याचं नाव बड फाउलर. खरं नाव जॉन जॅक्सन. जन्म आपल्याच राज्यात, फोर्ट प्लेनमध्ये, 1858 चा. वाढला कूपर्सटाउनला, म्हणजे आपल्यापासून गाडीने दीड तासावर. व्यावसायिक बेसबॉल खेळलेला हा पहिला ज्ञात कृष्णवर्णीय खेळाडू. केस कापायचं कसब हाताशी होतं, त्यामुळे एखाद्या गावात संघ बुडाला की कात्री चालवून पोट भरायचं आणि पुढच्या हंगामाला पुढचं गाव गाठायचं, अशी त्याची वर्षं गेली. पिचर म्हणून सुरुवात केली, गरज पडली तेव्हा कॅचर झाला, पण नाव कमावलं ते सेकंड बेसवर. संघटित बेसबॉलमध्ये तो दहा हंगाम खेळला. इतके हंगाम पुन्हा एखाद्या कृष्णवर्णीय खेळाडूच्या वाट्याला येण्यासाठी मोठ्या लीगमधली वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या कारकिर्दीची अखेर यावी लागली.

1887 मध्ये फाउलर बिंगहॅम्टनला आला. इथून पुढचं मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे.

त्या साली आपला क्लब इंटरनॅशनल लीगमध्ये होता. वर सांगितलेली असोसिएशन केव्हाच मोडली होती, ही लीग वेगळी. टोरांटो, हॅमिल्टन, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज, युटिका, न्यूअर्क, जर्सी सिटी अशी तोलामोलाची शहरं तिच्यात होती. त्या हंगामात या लीगमध्ये अर्ध्या डझनाहून जास्त कृष्णवर्णीय खेळाडू होते. बफेलोत फ्रँक ग्रँट, सिरॅक्यूजमध्ये रॉबर्ट हिगिन्स. न्यूअर्कमध्ये पिचर जॉर्ज स्टोवी आणि त्याचे चेंडू झेलायला मोझेस फ्लीटवुड वॉकर. आणि आपल्या बिंगहॅम्टनमध्ये दोघं, सेकंड बेसवर फाउलर आणि पिचर विल्यम रेनफ्रो. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. तरीही हे चित्र खरं होतं, आणि ते आपल्यासारख्या मध्यम शहरांच्या मैदानांवर दिसत होतं. एखाद्या देशाने वेगळी वाट धरायची संधी हातात असताना ती कशी घालवली, हे पाहायचं असेल तर 1887 ची ही लीग पाहावी.

फाउलर त्या हंगामात .350 च्या सरासरीने बॅट चालवत होता. बेसबॉल ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो, .300 च्या पुढे गेलेल्या माणसाला संघ डोक्यावर घेतो. पण त्याच्याच संघातल्या गोऱ्या खेळाडूंना तो नको होता. सिरॅक्यूजमध्ये त्याच जून महिन्यात डग क्रॉदर्स नावाच्या पिचरने हिगिन्ससोबत संघाच्या फोटोला बसायला साफ नकार दिला होता. बिंगहॅम्टनमध्ये गोष्ट फोटोवर थांबली नाही. नऊ खेळाडूंनी सह्या करून क्लबच्या संचालकांना तार पाठवली: या दोघांना काढा, नाहीतर आम्ही मैदानात उतरणार नाही.

संचालकांनी काय करावं? त्यांनी दोन्ही केलं. सह्या करणाऱ्यांना पुढे 50 डॉलर दंड लावला आणि फाउलरला सोडूनही दिलं. सोडतानाची अट अशी, की त्याने या लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबशी करार करायचा नाही. .350 ने खेळणाऱ्या माणसाला घरी पाठवायचं आणि शेजाऱ्याच्या दारातही उभं राहू द्यायचं नाही! दंड लावणाऱ्या संचालकांना चूक कोणाची हे कळत होतं, हे त्या दंडावरूनच दिसतं. पण निर्णय मात्र चूक करणाऱ्यांच्या बाजूने गेला. या प्रकरणातली मला सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट हीच आहे.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतबाहेर, 14 जुलै 1887 ला, बफेलोत लीगच्या संचालकांची बैठक झाली. यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी झालेले करार लीगने मंजूर करायचे नाहीत, असा ठराव 6 विरुद्ध 4 मतांनी झाला. बिंगहॅम्टन त्या 6 मध्ये होतं. योगायोग असा, की त्याच दिवशी न्यूअर्कमध्ये शिकागोच्या मोठ्या संघाचा प्रदर्शनीय सामना होता आणि शिकागोचा कर्णधार कॅप अॅन्सन याने स्टोवी खेळणार असेल तर आम्ही खेळणार नाही असा पवित्रा घेतला. स्टोवी उतरला नाही. एकीकडे कागदावर ठराव, दुसरीकडे मैदानावर हट्ट, आणि तारीख एकच. लगेच सगळ्यांना काढलं असं झालं नाही. आधीचे करार असलेले काही जण आणखी एकदोन हंगाम टिकले. पण नवीन दार बंद झालं, ते या लीगमध्ये उघडलं 18 एप्रिल 1946 ला. त्या दिवशी मॉन्ट्रियल रॉयल्सचा जॅकी रॉबिन्सन जर्सी सिटीच्या मैदानात उतरला, चार हिट मारल्या, त्यात एक होमरन. ठराव झाला तोही इंटरनॅशनल लीगमध्ये आणि तो मोडला तोही इंटरनॅशनल लीगमध्ये. मध्ये एकोणसाठ वर्षं गेली.

आणि फाउलरला काढून आपल्या क्लबने काय मिळवलं? त्याच ऑगस्टमध्ये क्लब बंद पडला.

फाउलर मात्र थांबला नाही. त्याच हंगामात तो व्हरमाँटमधल्या माँटपिलियरला जाऊन खेळू लागला. पुढे मिशिगनमधल्या एड्रियन गावी, तारेची कुंपणं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आश्रयाने, पेज फेन्स जायंट्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ त्याने उभा केला. 1895 पासून तो संघ स्वतःच्या रेल्वेच्या डब्यातून गावोगाव फिरे. डब्यातच राहणं, डब्यातच जेवण, म्हणजे हॉटेलवाल्यांनी दारातून परत पाठवायचा प्रश्नच उरला नाही. फाउलरबद्दल त्या काळच्या एका गोऱ्या खेळाडूने सांगितलेली आठवण अशी, की सेकंड बेसवर घसरत येणारे धावपटू मुद्दाम बुटाचे खिळे त्याच्या नडगीवर रोवत, म्हणून तो नडगीला लाकडी पट्ट्या बांधून खेळायचा. ती आठवण किती रंगवलेली आहे हे आज ठरवता येणार नाही. पण ती सांगणाऱ्याला त्यात गैर काही वाटत नव्हतं, एवढं खरं.

1913 मध्ये फाउलर फ्रँकफर्ट या गावी, आपल्या राज्यातच, हलाखीत वारला. कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो बेसबॉलच्या इतिहासाचे अभ्यासक एकत्र येऊन 1987 मध्ये बसवून गेले. 2013 मध्ये कूपर्सटाउनने एका रस्त्याला त्याचं नाव दिलं, आणि 2022 च्या जुलैमध्ये त्याच गावातल्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, त्याची पाटी लागली. आपल्यापैकी कितीतरी जण पाहुणे आले की त्यांना कूपर्सटाउन दाखवायला नेतात. पुढच्या वेळी न्याल तेव्हा बेब रूथच्या पाटीपुढे फोटो काढून झाल्यावर फाउलरच्या पाटीपुढेही पाच मिनिटं उभे राहा.

आता कोणी म्हणेल, हा इतिहास त्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध? मंडळी, आपण मराठी माणसांनी तरी असं म्हणू नये. बिंगहॅम्टनमध्ये हे घडलं त्यानंतर दहा वर्षांच्या आतच पुण्यात, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले क्रिकेटपटू पळवणकर बाळू गोऱ्या साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकत होते. हिंदूंच्या संघाला ते हवे होते, कारण त्यांच्यासारखा डावखुरा फिरकी गोलंदाज दुसरा नव्हता. पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवायला वेगळं बसावं लागे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते 1923 मध्ये मिळालं. बाळूंना संघात घेऊन ताटाबाहेर ठेवलं, फाउलरला संघाबाहेरच काढलं. दोन्ही ठिकाणी हुशारी हवी होती आणि माणूस नको होता. ज्याला बाळूंची गोष्ट कळते त्याला फाउलरची कळायला वेळ लागत नाही. आपल्या मुलांना तर या दोन्ही गोष्टी माहीत असायला हव्यात, कारण दोन्ही त्यांच्या आहेत.

1887 नंतर इथला बेसबॉल संपला नाही. संघ बुडायचा, पुन्हा उभा राहायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिंगहॅम्टन न्यूयॉर्क स्टेट लीगमध्ये होतं. 1901 मध्ये शिकागोत अनेक मायनर लीग्जनी मिळून आपली राष्ट्रीय संघटना काढली. तिचा सचिव जॉन फॅरेल हा आपल्या उत्तरेच्या ऑबर्न गावचा, आणि संघटनेचं दफ्तर कित्येक वर्षं त्या लहानशा गावातून चालत असे. ऑबर्नचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

मग आले जॉर्ज एफ. जॉन्सन. एंडिकॉट जॉन्सन या बुटांच्या कंपनीचे मालक. ज्यांच्या नावाने आपली जॉन्सन सिटी आहे ते हेच घराणं. युरोपातून बोटीने उतरलेले इटालियन, स्लोव्हाक, पोलिश मजूर त्यांच्या कारखान्यांत हजारोंनी लागले. त्यांना जॉन्सननी घरं बांधून दिली, बागा, तलाव दिले, आणि मेरी-गो-राउंड दिले. त्यांतले सहा आजही आपल्या परिसरात आहेत, आपली मुलं त्यावर बसतात आणि पैसे पडत नाहीत, कारण कोणाही मुलाकडून पैसे घ्यायचे नाहीत ही त्यांची अटच होती. कारखानदाराच्या या उदारपणात कामगार संघटना दूर ठेवायचा हिशेबही होता, हे मान्य करूनच मी हे लिहितो आहे. पण ज्या मजुराला इंग्रजी धड येत नाही त्याला शनिवारी दुपारी मुलाचं बोट धरून जायला एक जागा मिळाली, हेही तेवढंच खरं आहे.

ती जागा म्हणजे जॉन्सन फील्ड. 1913 मध्ये सुरू झालं. तिथे ट्रिप्लेट्स हा संघ 1923 पासून खेळू लागला. तीन जुळी गावं म्हणून ट्रिप्लेट्स. 1932 पासून तो न्यूयॉर्क यांकीजच्या हाताखालचा संघ झाला. तुम्ही ज्या यांकीजना बघायला तीन तास बसने जाता, त्यांचे खेळाडू इथे घडत होते! 1949 मध्ये व्हायटी फोर्ड नावाचा विशीतला डावखुरा पिचर इथे 16 सामने जिंकला आणि 5 हरला. पुढच्या वर्षी तो यांकीजकडे गेला आणि त्यांच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी पिचर ठरला. 1968 मध्ये थर्मन मन्सन हा कॅचर इथे खेळला. पुढे तो यांकीजचा कर्णधार झाला.

1949 हे साल मायनर लीगच्या भरभराटीचं टोक होतं. देशात 59 लीग्ज होत्या आणि वर्षभरात जवळपास 4 कोटी तिकिटं खपली. त्यानंतर घसरण सुरू झाली. घरोघरी टेलिव्हिजन आला. मोठ्या लीगचा सामना बैठकीच्या खोलीत फुकट दिसू लागल्यावर गावच्या मैदानावर लाकडी बाकांवर बसायला कोण येणार? रस्ते आले, मोटारी आल्या, माणसं उपनगरांत पांगली. आपल्याकडे तर रस्त्याने मैदानच गिळलं. रूट 17 च्या कामासाठी 1968 मध्ये जॉन्सन फील्ड पाडलं. आपण रोज जॉन्सन सिटीवरून कामाला जातो तो हाच महामार्ग. त्यानंतर जवळजवळ चोवीस वर्षं या परिसरात व्यावसायिक बेसबॉल नव्हता. एक पूर्ण पिढी त्याविना मोठी झाली.

1992 मध्ये शहराने हेन्री स्ट्रीटवर रेल्वेच्या रुळांना लागून नवं स्टेडियम बांधलं आणि न्यूयॉर्क मेट्सचा डबल-ए संघ इथे आला. डबल-ए म्हणजे वरून तिसरी पायरी, मेजर आणि ट्रिपल-ए च्या खालची. जाणकार असं सांगतात, की खेळाडूचं खरं पाणी डबल-ए मध्ये कळतं. डेव्हिड राइट आणि होसे रेयेस इथून वर गेले, पीट अलोन्सोने 2018 ची सुरुवात इथे केली. मेट्सच्या जर्सी घालून फिरणारी आपली मुलं ज्यांची नावं पाठ म्हणतात, ते खेळाडू विशी-बाविशीत आपल्याच डाउनटाउनमध्ये राहून गेले आहेत. 2017 पासून संघाचं नाव रंबल पोनीज आहे, आणि त्या नावातले घोडे आले आहेत जॉन्सन यांच्या मेरी-गो-राउंडवरून.

हा संघ आपण गमावता गमावता वाचला, याची आठवण कितीजणांना आहे? 2019 च्या शेवटी मेजर लीगचा बेत बाहेर आला. 160 मधले 42 संघ बंद करायचे. यादी छापून आली, तिच्यात बिंगहॅम्टन होतं. वॉशिंग्टनमधले न्यूयॉर्कचे सिनेटर चक शुमर यांच्यापासून गावच्या दुकानदारांपर्यंत पुष्कळ लोक उभे राहिले. मग कोविड आला, 2020 चा हंगाम झालाच नाही, आणि वर्षाच्या शेवटी नवी यादी लागली तेव्हा बिंगहॅम्टन वाचलं होतं. ऑबर्न वाचलं नाही. ज्या गावातून एकेकाळी देशभरच्या मायनर लीग्जचा कारभार चाले, त्या गावाला 120 संघांत जागा मिळाली नाही. आपल्याच राज्यातल्या बटाव्हिया गावाचंही तेच झालं. ज्या लीगमध्ये हे दोघे खेळत ती न्यूयॉर्क-पेन लीग 1939 मध्ये बटाव्हियातच सुरू झाली होती. तीही बंद झाली. आता तिथे उन्हाळ्यात कॉलेजची मुलं खेळतात. मैदानावर दिवे लागतात हे चांगलंच आहे, पण त्या मैदानातून थेट वर जाणारी वाट तुटली.

त्या वेळी आपला मराठी गट कुठे होता, असं मी कोणाला विचारत नाही. पुन्हा अशी यादी निघाली तर आपण कुठे असू, हे मात्र विचारतो. संघ राहतो की जातो हे मोठ्या शहरातल्या कचेरीत ठरतं, पण ठरवताना ते लोक मोजतात ती स्टेडियममधली माणसं. आपण इथे घरपट्टी भरतो, शाळेच्या मंडळाला मतं देतो, हिमवादळात शेजाऱ्याची पायवाट साफ करतो. मग गावाचं जे जुनं, चांगलं आणि वाईट दोन्ही पाहिलेलं असं काही आहे, त्याच्या वाट्याला वर्षातली एक संध्याकाळ यायला हवी.

क्रिकेटच्या मैदानासाठी जे प्रयत्न चालू आहेत त्यांना माझा पाठिंबा आहे. मी खेळायलाही येईन. पण एकासाठी दुसरं सोडायची गरज नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा. यंदाची सहल जुलैच्या मध्यावर, शक्य तितकी 14 तारखेच्या जवळ, आणि हेन्री स्ट्रीटवर. संघ घरी असतो तेव्हा सहसा मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सलग सामने असतात, त्यामुळे दिवस निवडायला वाव आहे. शुक्रवारची संध्याकाळ सगळ्यांना सोयीची पडेल असं वाटतं. वीसपंचवीस कुटुंबं आली तर तिकिटं एकगठ्ठा काढता येतील, आणि बसच्या भाड्याचे जे पैसे वाचतील त्यातून लहान मुलांना एकेक टोपी घेता येईल. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही आणा. यांकी स्टेडियमच्या जिन्यांपेक्षा त्यांना हे नक्की झेपेल. त्यांना खेळ कळला नाही तरी चालेल, शेजारी कोणीतरी बसून सांगेल.

सामन्याआधी दुपारी चार वाजता रिक्रिएशन पार्कमध्ये जमावं. मुलं मेरी-गो-राउंडवर बसतील तोवर मोठ्यांनी डबे उघडावेत. तिथे मुलांना फाउलरची गोष्ट सांगायचं काम मी घेतो. बाळू पळवणकरांची गोष्ट कोणीतरी दुसऱ्याने घ्यावी, शक्यतो आपल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने. मुलांपैकी कोणाला जुनी वर्तमानपत्रं चाळायची हौस असेल तर 1887 चा जून-जुलै आधी एकदा वाचनालयात बसून बघू या, म्हणजे त्या दिवशी सांगायला गावातल्याच छापील ओळी हाताशी असतील.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी गटावर मोकळेपणाने लिहावं. बसचं आगाऊ बुकिंग अजून झालेलं नाही, तेव्हा ते करण्याआधी एकदा मतं घ्यावीत एवढी आयोजकांना विनंती. ज्यांना गाडीची सोय लागेल त्यांनी तसं कळवा, माझ्या गाडीत चार जागा आहेत.

आपला,
वेस्टलचा एक रहिवासी